दोघंच जायचंय, नाश्ता दणक्यात पाहिजे – मांडू की महेश्वर?

राजवाड्याची_सून:
नमस्कार मंडळी. लग्नाच्या वाढदिवसाला सासूबाई मुलाला सांभाळायला तयार झाल्यात, म्हणजे दोन रात्री आमच्या! इंदूरहून फार लांब नको, मांडू नाहीतर महेश्वर. दोन्हीकडचं बघायचं ते शाळेच्या सहलीपासून बघून झालंय, आम्हाला खरं तर फक्त सकाळ हवीये. उशिरा उठायचं, व्हरांड्यात बसायचं, आरामात खात राहायचं, मधे परत चहा, आणि घरखर्च सोडून दुसरं काहीतरी बोलायचं. मागे एका रिसॉर्टला गेलो तर साडेनवालाच बफेची झाकणं वाजवायला लागले, पोहे गार, टोस्ट चामड्यासारखा, ऑम्लेटच्या काउंटरवर माणूसच नाही. तसलं नको. आणि पोहे-जिलबी तर दर रविवारी इंदूरच्या छप्पन दुकानला (खाऊगल्ली) होतेच, त्यासाठी नव्वद-शंभर किमी कशाला जायचं? ह्यांचं मत मांडू, माझं महेश्वर.

भुट्टे_का_भक्त:
मांडू. पण कधी जाताय त्यावर आहे. पावसाळ्याच्या शेवटी कोवळी कणसं असतात तेव्हा जा आणि आधी फोन करून भुट्ट्याचा कीस सांगून ठेवा, साजूक तुपात जिरं-हिंग-मिरचीची फोडणी, किसलेला मका, वरून दूध घालून मंद आचेवर आटवलेला, लिंबू नि ओलं खोबरं. इंदूरच्या सराफा बाजारात उभ्याने खातो तो वेगळा आणि समोर तलाव, मागे ढग उतरलेत असा बसून खाल्लेला वेगळा. तुम्ही अकराला उठणार असाल तर सरळ दाल-पानिये सांगा, मक्याच्या पिठाचे, पळसाच्या पानांत ठेवून गोवऱ्यांवर भाजतात, पानांचा वास लागतो त्याला. आदल्या रात्री सांगावं लागतं, ऐनवेळी सांगितलं तर ब्रेड-बटरच येणार. फक्त शनिवार-रविवार टाळा, पावसात अर्धं इंदूर तिथेच असतं आणि स्वयंपाक्याला तुमचे लाड करायला वेळ नसतो.

निमाडची_लेक:
सूनबाई, महेश्वरच. मोठं हॉटेल कशाला, घाटाजवळ घरगुती होमस्टे बघा जिथे घरातलीच बाई रांधते. आम्ही गेलो होतो तिथल्या काकूंनी विचारलं काय करू, म्हटलं तुम्ही खाता तेच करा. मग काय, ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात, अंबाडीची भाजी, लोण्याचा गोळा, आणि लसूण-मिरचीचा ठेचा (बेडियाची मिरची, निमाडात मिरचीला तोड नाही). नवरोबा एरवी दोन पोळ्यांवर उठणारे, भाकऱ्या मोजायच्या सोडून दिल्या. मग गुळाचा चहा. काकू मधेमधे येऊन "अजून एक?" विचारायच्या आणि नाही म्हटलं तरी वाढायच्या. घाटावर पहाटे जायचं तर नुसता चहा घेऊन जा, साड्यांचे माग बघायला जायचं तर दुपारी, नाश्त्याची वेळ मोकळी ठेवा.

भिया_बोले:
सगळं ठीक, पण बुकिंग करताना बघा हो. ईपी लिहिलं असेल तर नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्ता धरून, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एमएपी घेऊ नका, असा नाश्ता झाल्यावर दुपारी जेवणार कोण? सीपी घ्या आणि फोनवर दोनच गोष्टी विचारा, नाश्ता किती वाजेपर्यंत, आणि बफे की ताटात करून देता. खोल्या कमी भरल्या तर बरेच जण बफे लावतच नाहीत, तेच आपल्या फायद्याचं. बाकी पोह्यांना नावं ठेवू नका ताई, वाफेवरचे गरम पोहे, वर शेव आणि जिरावन मसाला, दुसऱ्या दिवशी आठवण येणारच. पुडी सोबत ठेवा.

राजवाड्याची_सून:
जिरावन तर पर्समधे असतंच, हे हसतात त्यावर 😄 अंबाडी वाचून ह्यांनीच मत बदललं, आता महेश्वर. मधल्या वारी जाऊ, सीपी, आणि काकू रांधतात असंच घर शोधते. मांडूचा कीस पुढच्या वेळी, सासूबाईंचा मूड टिकला तर. जाताना महूहून जाम गेटचा रस्ता घ्यावा का? की धामनोदवरून बरा?

निमाडची_लेक:
जाम गेट घ्या, जास्त सुंदर आहे. अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा, 1791 चा, खाली सगळं निमाड दिसतं. पण दिवसाउजेडी, पावसात घाटात धुकं फार दाटतं. अंधार होणार असेल तर गपचूप धामनोदवरून या. आणि रात्री कमी जेवा!

भुट्टे_का_भक्त:
फितूर झालात तुम्ही सगळे.