मदत हवी आहे: लांब पायी चालताना कॅमेरा अंगावर कसा वागवावा?

सातरस्ता (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. कॅमेरा गळ्यात अडकवून तासभर चाललो की मानेच्या मागच्या बाजूला असह्य कळ येते आणि डाव्या हाताला मुंग्या येऊ लागतात. मूळचा पट्टा काढून आत स्पंज असलेला रुंद पट्टा लावला, पण काडीचाही फरक पडला नाही. पिशवीत ठेवला तर बाहेर काढेपर्यंत समोरचे दृश्य निघून जाते, त्यामुळे तो हाताशीच असायला हवा. पौर्णिमेला जेमतेम दहा दिवस उरले आहेत. कृपया खात्रीचा उपाय लवकर सांगावा. कॅमेरा घरी ठेवा, हा सल्ला नको.

कंबर तलाव
कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, किती तास चालायचे आहे आणि पाठीवर सॅक असणार आहे का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. सॅक असेल तर तिच्या खांद्याच्या पट्ट्यावर बसणारी धातूची क्लिप घ्यावी. कॅमेऱ्याच्या तळाला एक छोटी पट्टी लावायची आणि ती क्लिपमध्ये सरकवायची, की कॅमेरा छातीशी घट्ट बसतो आणि बटण दाबताच हातात येतो. मी गेली चार वर्षे सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर असाच नेतो. मात्र सॅकचा पट्टा जाड आणि ताठ हवा, कारण शाळेच्या दप्तरासारखा मऊ पट्टा असेल तर तो पिळला जातो आणि कॅमेरा सारखा पुढे झुकतो.

नान्नजचा माळ
क्लिपचे कौतुक मी पुष्कळ ऐकले आहे, परंतु दोन किलोंच्या आसपासची टेलीलेन्स छातीवर लटकवून कोणी चालून दाखवावे. माळढोक अभयारण्याच्या परिसरात मी पक्ष्यांसाठी अनेकदा जातो आणि तिथे धाविक किंवा काळवीट दिसल्यावर दोन सेकंदांत कॅमेरा डोळ्याला लागला पाहिजे. त्यासाठी एका खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा हाच उपाय आहे. तो कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडसाठी असलेल्या आट्यात स्क्रूने बसतो, कॅमेरा उलटा कमरेशी लटकतो आणि उचलताना पट्ट्यावरून सरकत वर येतो. मानेवर काहीच भार येत नाही.

होटगी रोड
या तिरक्या पट्ट्याविषयी सावध करणे मी माझे कर्तव्य समजतो. तो आटा पाव इंचाचा असतो आणि चालताना बसणाऱ्या प्रत्येक हिसक्यासरशी स्क्रू केसभर फिरतो. नळदुर्गच्या किल्ल्यात पाणी महालाकडे उतरताना माझा स्क्रू पूर्ण सुटला आणि कॅमेरा दगडी पायरीवर आपटला. पुढे लावलेले हूड तडकले म्हणून काच वाचली. नंतर पाहिले तेव्हा स्क्रूखालची रबरी चकती झिजून कागदासारखी पातळ झाली होती. ज्यांना हाच पट्टा वापरायचा असेल त्यांनी कॅमेऱ्याच्या बाजूच्या कडीपासून पट्ट्यापर्यंत एक जाड दोरी वेगळी बांधलीच पाहिजे.

नान्नजचा माळ
दोरी बांधावी, हे मला मान्य आहे. मात्र स्क्रू दर अर्ध्या तासाने बोटाने तपासला तर तो सुटत नाही. वापरणाऱ्याकडून झालेल्या दुर्लक्षामुळे पद्धत चुकीची ठरत नाही.

सातरस्ता
पौर्णिमा म्हटल्यावर सोलापूरकरांना वेगळे सांगावे लागेल, असे मला वाटले नव्हते. कोजागरीला तुळजापूरला पायी जायचे आहे, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटर आणि तेही बहुतांश रात्री. कॅमेरा निकॉनचा डी ७५० आणि लेन्स २४-१२०. सॅक नाही, कारण पाणी आणि पांघरूण धाकट्या भावाच्या पाठीवर असते. पक्षी, किल्ले यांतले काही नाही. मला वाटेतली माणसे टिपायची आहेत. कर्नाटकातून येऊन आपल्या शहरातून पुढे जाणारे भक्त, कडेला बसून पायांना तेल लावणाऱ्या म्हाताऱ्या आया, झोपलेल्या लेकराला खांद्यावर घेतलेले बाप, हे सगळे क्षणात समोरून निघून जाते. गेल्या वर्षी तामलवाडीच्या पुढे दुखण्यामुळे कॅमेरा भावाकडे द्यावा लागला आणि उरलेली सगळी वाट मी नुसती पाहत चाललो. ती हळहळ अजून गेलेली नाही.

जुनी मिल
मी बारा वेळा पायी गेलो आहे. सुती मोजे घालू नका, घामाने ओले झाले की फोड येतात. बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन लावा आणि नवी चप्पल त्या दिवशी काढू नका. छायाचित्रांसाठी आजकालचे मोबाईल पुरेसे आहेत, असे माझे मत आहे.

सातरस्ता
काका, पायांची काळजी मी घेतो आणि आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण माझा प्रश्न कॅमेऱ्याचा आहे.

विजापूर वेस
मालक, पट्ट्याच्या आधी वजनाचा हिशेब करा. बॅटरी व कार्डासह डी ७५० भरतो ८४० ग्रॅम आणि ती लेन्स ७१० ग्रॅम, म्हणजे दीड किलोहून अधिक. त्याऐवजी ५० मिलिमीटरची १.८ वाली लेन्स लावा, ती फक्त १८५ ग्रॅमची आहे. अर्ध्या किलोहून जास्त ओझे तिथेच उतरले. शिवाय तुमच्या लेन्सचे छिद्र ४ च्या पुढे उघडत नाही, तर हिचे १.८ पर्यंत उघडते (आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे), म्हणजे सुमारे पाचपट प्रकाश आत येतो. रात्रीच्या वाटेवर चहाच्या टपरीच्या दिव्याशिवाय उजेड नसतो, तिथे झूमपेक्षा हा प्रकाश कामाला येईल.

कंबर तलाव
त्यांनी लेन्सविषयी विचारलेले नाही. गर्दीत मागेपुढे सरकायला जागा नसते, तिथे झूम लागतेच.

विजापूर वेस
मान दुखण्याचे कारण ओझे आहे, म्हणून ओझ्याविषयी बोललो. पट्टा कितीही चांगला असला तरी तो दीड किलोचा एक किलो करत नाही.

होटगी रोड
मला हाताच्या मुंग्यांची अधिक काळजी वाटते. नुसत्या वजनाने मान दुखेल, पण एकाच हाताला मुंग्या का याव्यात? पूर्वी काही दुखापत झाली होती का?

सातरस्ता
दीड वर्षापूर्वी दुचाकीवरून पडून डावे कॉलरबोन मोडले होते, आत पट्टी आणि स्क्रू आहेत. ते आता जुळले असल्यामुळे त्याचा संबंध असेल असे वाटले नाही, म्हणून लिहिले नाही.

होटगी रोड
हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते. आधी आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, ही कळकळीची विनंती. आणि मग वर सुचवलेले सगळेच उपाय बाद होतात, कारण क्लिप काय किंवा तिरका पट्टा काय, भार शेवटी खांद्यावरच येतो. आपल्याला कमरेवर वजन घेणारी व्यवस्था हवी. किमान दोन इंच रुंदीचा पट्टा आणि त्यात ओवलेली, वरून उघडणारी खोलगट पिशवी घ्यावी. लेन्स खाली करून कॅमेरा त्यात उभा राहतो आणि पकड वर असल्यामुळे एका हाताने निघतो. बाजारात मिळेल ती घाईने घेऊ नये. बॅगा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे कॅमेरा घेऊन जावे आणि मापाने शिवून घ्यावी. कमरेच्या पट्ट्यासाठी सीटबेल्टसारखी विणलेली पट्टी वापरायला सांगावे, साधी नवार घामाने सैल पडते.

नान्नजचा माळ
कॉलरबोनचे आधी कळले असते तर तिरका पट्टा मी सुचवलाच नसता. मनगटाला मात्र एक छोटा फास ठेवा, गर्दीत धक्का लागला तर कॅमेरा हातातून सुटणार नाही.

सातरस्ता
डॉक्टरांना दाखवले. त्यांनी डाव्या खांद्यावर कोणताही पट्टा घ्यायचा नाही, असे सांगितले आणि कमरपट्ट्याला हरकत घेतली नाही. पिशवी दोन दिवसांत शिवून मिळाली. काल पहाटे रूपाभवानीच्या देवळापासून हिप्परग्याच्या तलावापर्यंत आणि परत असा चाललो. मान दुखली नाही आणि मुंग्याही आल्या नाहीत. ५० ची लेन्स मित्राकडून मागून घेतली आहे, तिच्यासाठी विजापूर वेस यांचे विशेष आभार. एकच अडचण उरली आहे. पिशवी मांडीच्या पुढच्या बाजूला येते आणि प्रत्येक पावलाला आपटते.

होटगी रोड
ती पुढे न ठेवता उजव्या नितंबाच्या किंचित मागे सरकवा आणि पट्टा पोटावर न आवळता कमरेच्या हाडावर टेकेल असा आवळा. तरीही हलली तर पिशवीच्या तळापासून मांडीभोवती एक बारीक इलॅस्टिक बांधा. तुळजापूरचा घाट चढण्याआधी ते थोडे सैल करा, म्हणजे पाऊल मोकळे उचलता येईल.