मदत हवी आहे: बोलणाऱ्या ॲपच्या २४ बटणांच्या पानावर मराठी क्रियापदं कशी मांडावीत?

मुलगी ७ वर्षांची, स्वमग्न. तोंडाने चार-पाचच शब्द येतात, पण मराठी नीट समजते. श्रवण तपासणी व्यवस्थित आहे. ८ इंची अँड्रॉइड टॅबलेटवर चित्राला बोट लावलं की बोलणारं ॲप वापरतो. आयपॅड घेणं शक्य नाही. सध्या पानावर १२ बटणं आहेत. हवं, नको, आणखी, संपलं, थांब, मदत हे ती न सुचवता वापरते.

आता २४ बटणांवर जायचंय आणि क्रियापदांपाशी अडलंय. नुसतं ‘जा’ ठेवलं तर तिने दाबल्यावर समोरच्याला हुकूम वाटतो. जाते, गेले, जाऊया अशी वेगळी बटणं केली तर तीन क्रियापदांतच नऊ घरं भरतात. रूपं आतल्या पानावर टाकली, तर दुसऱ्या टिचकीपर्यंत ती मूळ गोष्टच सोडून देते. तयार मांडणीत ‘मी जातो’ होतं, ते बदललंय.

जुन्या १२ बटणांच्या जागा हलवता येणार नाहीत. एकदा हलवल्या तेव्हा बोट आठवडाभर जुन्याच जागी जात होतं. शाळेत इंटरनेट नसतं, म्हणून मराठी आवाज आधीच उतरवून ठेवलाय. स्क्रीन पिन केलेली असते, म्हणजे ती ॲपमधून चुकून बाहेर जात नाही. तिच्याशी बोलताना आम्हीही तीच बटणं दाबतो.

‘जायचंय, खायचंय, खेळायचंय’ ही रूपं बोलणाऱ्याच्या लिंगानुसार बदलत नाहीत आणि ‘मला’शी जुळतात, म्हणून आधी तीच द्यावीत असं वाटतं. असे बटणांचे मराठी पट बनवलेल्यांनी सांगावं: पहिल्या पानावर हीच रूपं ठेवलीत का, आणि ‘गेले, खाल्लं’सारखा भूतकाळ कधी व कुठे आणलात?