मदत हवी आहे: एमजीबीत एमएक्स-५चं इंजिन बसवलं, पण ८०च्या वेगाला थरथर सुटते

जुनीजीटी७१:

नमस्कार मंडळी. घरच्या घरी इंजिन बदललंय. गाडी चालते, थांबते, गरम होत नाही. एकच दुखणं राहिलंय आणि तिथे मी महिनाभर अडकून पडलोय.

गाडी बाबांची, १९७१ची एमजीबी जीटी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मी गिअर टाकायला याच गाडीवर शिकलो, बाबांचा हात माझ्या हातावर ठेवून. मूळचं १७९८ सीसीचं इंजिन तेलात पाणी मिसळायला लागलं म्हणून उघडलं, तर ब्लॉकलाच तडा निघाला. तो ब्लॉक तेल चोळून, गुंडाळून ठेवलाय. उद्या कोणाला मूळ रूपात गाडी करावीशी वाटली तर करता यावी, म्हणून बॉडीला कुठेही कटर लावायचा नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. या गाडीला वेगळी चॅसी नसते, बॉडी हाच सांगाडा. एकदा कापलं की कापलं.

आत बसवलंय ते पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५चं १८३९ सीसीचं ट्विन कॅम इंजिन आणि त्याचाच ५ स्पीड गिअरबॉक्स. ठोकलेली एक आख्खी गाडी मिळाली, त्यामुळे वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक), सेन्सर, पेडलची केबल सगळं एकाच गाडीतलं आहे. असं काम करणाऱ्याला मी हेच सांगेन, तुकड्या-तुकड्यांनी जमवू नका. वायरिंग सोलायला मला चार महिने लागले. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नाव लिहिलं आणि मगच नको ती काढली. पहिल्या दिवशी स्टार्टर फिरायचा पण ठिणगी येत नव्हती. शेवटी सापडलं ते सिलिंडर हेडवरचं अर्थिंग. बोल्टखाली रंग राहिला होता. रंग खरवडला आणि इंजिन दुसऱ्याच फेऱ्याला धरलं. बाबा तेव्हा शेजारी उभे होते, त्यांनी नुसता बोनेटवर हात ठेवला.

आता दुखणं. ७० किमीच्या वेगापर्यंत गाडी लोण्यासारखी जाते. ७५ला टनेलमधून (दोन सीटमधल्या उंचवट्यातून, ज्याखाली गिअरबॉक्स आणि शाफ्ट असतो) गुणगुण सुरू होते, ८०-८५ला ती थरथर होते. सीटमध्ये जाणवते, आरसा धूसर होतो. ९५च्या पुढे थोडी कमी वाटते, पण तिथे मी फार वेळ थांबत नाही. स्टिअरिंगमध्ये काही नाही. गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट नवा करून घेतलाय, पुढचं टोक एमएक्स-५चं, मागचा फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) एमजीबीचा. दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे कोनात फिरणारे सांधे, नवे.

अजून एक छोटी गोष्ट. टाकी पाव भरली असताना लांब वळणावर इंजिन क्षणभर अडखळतं. हे त्याच्याशी संबंधित नसावं, पण सांगून ठेवतो.

बाबांना आता ७६ पूर्ण झाली. पाठ दुखते त्यांची. ही थरथर घेऊन त्यांना मी लांब नेऊ शकत नाही. कुठून सुरुवात करू?

तेलकटहात:

शाफ्ट बॅलन्स केलाय का? नवीन जोडून घेतलेल्या शाफ्टचं दहातल्या आठ वेळा तेच असतं. आणि चाकं?

जुनीजीटी७१:

हो दादा, वेल्डिंगनंतर मशीनवर बॅलन्स केला, वजनाची पट्टी लावलेली दिसते. चाकं दोनदा करून घेतली, पुढची मागे टाकूनही पाहिली. काही फरक नाही.

निवांत_गियर:

डिफ, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियल, असेल. जुन्या डिफला जास्त ताकद दिली की ते कुरकुरतंच. मूळ इंजिन साधारण ९५ हॉर्सपॉवरचं, तुमचं १३०च्या आसपास.

मेधा_कॅमशाफ्ट:

डिफवर इतक्यात आळ नको. कंपनीने १९७३ ते १९७६ याच जीटीत ३५२८ सीसीचं व्ही८ घातलं होतं, याच जातीच्या अ‍ॅक्सलवर, फक्त रेशो बदलून. १३० हॉर्सपॉवर तो सहज पेलतो. शिवाय डिफचा आवाज पाय दाबला-सोडला की बदलतो. तुम्ही सांगताय ती गोष्ट वेगाला बांधलेली आहे.

भाग बदलण्याआधी नेमकं काय थरथरतंय ते मोजा. फोनमध्ये आवाजाची वारंवारता दाखवणारं अ‍ॅप घ्या, मायक्रोफोनवर चालणारं. कंपन मोजणारं नको, कारण बऱ्याच फोनचा तो सेन्सर ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपनांच्या) वरचं नीट पकडत नाही. फोन टनेलवर ठेवा, शेजारी कोणाला तरी बसवा, तुम्ही स्क्रीनकडे बघू नका.

आता तुमच्या गाडीचा हिशेब. १६५च्या टायरवर ८० किमीला चाक सेकंदाला साधारण पावणेबारा वेळा फिरतं. तुमचं डिफ मूळचं ३.९०९ असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.९०९ फेरे, म्हणून शाफ्ट सेकंदाला ४६ वेळा. तेव्हा अ‍ॅपमध्ये १२ जवळ शिखर दिसलं तर चाक किंवा टायर. ४६ दिसलं तर शाफ्टचा बॅलन्स किंवा फ्लँज मध्यावर बसलेला नाही. ९२ दिसलं, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला दोन झटके, तर क्रॉसचे कोन.

एक फसवी जागा आहे. चौथा गिअर या बॉक्समध्ये सरळ १:१ असतो, इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. चार सिलिंडरचं इंजिनही एका फेऱ्यात दोनदा धक्का देतं, म्हणजे चौथ्यात ८०ला इंजिनाचा आकडाही ९२च येणार! दोघं एकमेकांच्या मागे लपतात. म्हणून पाचव्यात बघा. तिथे ०.८१४ रेशो असल्याने इंजिनाचं शिखर ७५च्या जवळ सरकेल, शाफ्टचं जागेवर राहील. मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर ९०वरून न्यूट्रलमध्ये घरंगळू द्या. इंजिन बंद करायचं नाही, चावीला हात लावायचा नाही.

आणि एक विचारते. गिअरबॉक्सचं शेपूट कशावर टेकवलंय? एमएक्स-५मध्ये गिअरबॉक्सला खाली नेहमीसारखं माउंटिंग नसतंच, डिफपर्यंत जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या लांब तुळईने तो धरलेला असतो. ती तुळई तुमच्याकडे येऊच शकत नाही.

जुनीजीटी७१:

ताई, बरोबर ओळखलंत. ते ब्रॅकेट मी स्वतः केलंय. एका पट्टीवर रबर फाउंडेशन, पट्टी मूळ गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरच्या (आडव्या तुळईच्या) बोल्टवर. पुढे इंजिनाचं तेलाचं चेंबर पुढच्या क्रॉसमेंबरला टेकत होतं म्हणून इंजिनाचं तोंड उचलावं लागलं, त्यात शेपूट खाली गेलं. डोळ्यांना सरळ वाटत होतं, मी पुढे गेलो.

शनिवारी मोजून सांगतो.

रानवाट:

तोवर पेट्रोलचं सांगतो. कार्बोरेटरला थोडा वेळ पेट्रोल नाही मिळालं तरी त्याच्या वाटीत साठा असतो. तुमच्या नव्या इंजिनातल्या इंजेक्शनला तो साठा नाही, पंपाने हवा ओढली की लगेच अडखळतं. जुन्या टाकीत आडभिंती नसल्याने वळणावर पेट्रोल एका बाजूला पळतं. उपाय सोपा: टाकीतून कमी दाबाच्या पंपाने एका छोट्या उभ्या डब्यात पेट्रोल आणा, उच्च दाबाचा पंप त्या डब्याच्या तळातून ओढेल, इंजिनाकडून परत येणारं पेट्रोलही त्याच डब्यात सोडा आणि डब्याच्या वरून जादाचं टाकीत.

पण मला काळजी वेगळीच वाटते. पाइप कुठले वापरलेत? कार्बोरेटरच्या काळात दाब पाव बारसुद्धा नसायचा, आता ३ बार आहे. जुने रबरी पाइप आणि साध्या क्लिपा असतील तर पुढची फेरी मारण्याआधी बदला, इंजेक्शनसाठीचेच पाइप घ्या. आणि धडक बसली की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच लावा. वडिलांना शेजारी बसवणार आहात.

जुनीजीटी७१:

इंजिनाच्या बाजूचे पाइप इंजेक्शनचेच आहेत, पण टाकीजवळ एक तुकडा जुना राहिला होता. आत्ताच जाऊन बघितला, वाकवला की बारीक भेगा दिसतात. गाडी जागेवर उभी केली. तो बदलून, स्विच लावूनच बाहेर काढेन. मनापासून आभार, हे माझ्या नजरेतून पूर्ण सुटलं होतं.

जुनीजीटी७१:

पाइप बदलला, स्विच बसवला, रविवारी मोजमाप केलं. भाचा शेजारी बसून आकडे वाचत होता.

चौथ्यात ८०: मोठं शिखर ९२. पाचव्यात ८०: दोन शिखरं, एक ७४-७५ आणि दुसरं, त्याहून मोठं, ९२. न्यूट्रलमध्ये घरंगळताना ७५चं गेलं, ९२चं तसंच! वेग ६०वर उतरला तेव्हा ते ६९वर आलं आणि खूप लहान झालं. ४६ला बारीकसा उंचवटा, १२ला काहीच नाही.

मग कोन. गाडी घोड्यांवर (स्टँडवर) घेऊन डिजिटल लेव्हल लावली. गिअरबॉक्स मागे ५ अंश उतरता, शाफ्ट ५.५ उतरता, पिनियन (डिफमध्ये शिरणारा दांडा) ०.५ उतरता.

मेधा_कॅमशाफ्ट:

छान मोजलंत, ९२ म्हणजे क्रॉसच. पण शाफ्टचा कोन मला पटत नाही. घोडे कुठे लावले होते?

जुनीजीटी७१:

बॉडीखाली, जॅकिंगच्या जागी.

मेधा_कॅमशाफ्ट:

म्हणजे मागचा अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर लोंबत होता. रस्त्यावर तो तसा नसतो. मागचे घोडे अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावा, पुढचे सस्पेन्शनच्या खालच्या आर्मखाली, टाकी निम्मी, पुढच्या सीटवर दोन माणसांचं वजन. घोडे भक्कम असल्याशिवाय खाली शिरू नका. मग परत मोजा. दोन्ही टोकांचे यॉक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत आहेत का तेही बघा. नळी जोडताना एक यॉक फिरलेला राहिला तर कोन कितीही जुळवा, थरथर जात नाही.

जुनीजीटी७१:

नवे आकडे: गिअरबॉक्स ५.०, शाफ्ट १.५, पिनियन ०.५. तिन्ही मागे उतरते. यॉक एका रेषेत आहेत, सळई ठेवून पाहिलं.

मेधा_कॅमशाफ्ट:

आता चित्र स्पष्ट झालं. पुढच्या क्रॉसचा कोन ५.० वजा १.५, म्हणजे ३.५. मागच्याचा १.५ वजा ०.५, म्हणजे १. क्रॉस कोनात फिरला की शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. मागचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर तो ही चूक पुसून टाकतो. तुमच्याकडे पुढचा साडेतीन अंशांची गडबड करतोय आणि मागचा एक अंशाएवढीच निस्तरतोय. उरलेलं सगळं तुमच्या सीटखाली.

दोन्ही कोन एकमेकांच्या अंशभराच्या आत आणि ३च्या खाली आणायचे. शून्यावरही आणू नका, क्रॉसमधल्या बेअरिंगच्या सुया जागच्या जागी राहिल्या तर तिथेच खड्डे पाडतात.

पिनियनला हात लावू नका. पाचर घालून अ‍ॅक्सल फिरवायचं काम शेवटचं. शेपूट उचला. इंजिन फाउंडेशनपासून शेपटाच्या माउंटिंगपर्यंत अंतर किती, आणि शाफ्ट केवढा?

जुनीजीटी७१:

साधारण ९०० मिमी. शाफ्ट क्रॉस ते क्रॉस ८०० मिमी.

मेधा_कॅमशाफ्ट:

मग १५ मिमी पुरेत. शेपूट १५ उचललं की गिअरबॉक्स एक अंशाने सपाट होतो, ४ वर येतो. त्याच वेळी शाफ्टचं पुढचं टोक वर गेल्याने शाफ्ट एक अंशाने जास्त उतरता होतो, अडीचच्या आसपास. पुढचा कोन दीड, मागचा दोन. एका उचलण्यात दोन्ही कोन हवे तिकडे सरकतात. लोक इथेच चुकतात, गिअरबॉक्सचाच कोन धरून ३० मिमी उचलतात आणि भानगड मागच्या क्रॉसवर ढकलतात.

आधी फाउंडेशनखाली वॉशर घालून बघा. जमलं की पक्कं ब्रॅकेट करा, वॉशरच्या चळतीवर गाडी चालवायची नाही. वर टनेलला बोटभर तरी जागा हवी, इंजिन रबरावर हलतं. मागे फायरवॉलशीही (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीशी) बघा, या इंजिनाचा कॅम अँगल सेन्सर हेडच्या पाठीला असतो.

तेलकटहात:

शाफ्टच्या पुढच्या टोकाभोवती लोखंडी कडंही लावून घ्या, बोल्टवरचं. क्रॉस तुटला तर शाफ्ट जमिनीत रुतायला नको.

जुनीजीटी७१:

आज सकाळी झालं.

तीन-तीन मिमीचे पाच वॉशर घातले. गिअरबॉक्स ४.०, शाफ्ट २.६, पिनियन ०.५. म्हणजे पुढे १.४, मागे २.१. टनेलला वर १८ मिमी राहतात. १९६७च्या शेवटी कंपनीने टनेल मोठा केला होता, त्याआधीची गाडी असती तर मला कटर काढावा लागला असता. सेन्सर आणि फायरवॉलच्या मधे माझी तर्जनी जाते, अंगठा नाही.

८०ला आरसा स्वच्छ दिसतो. मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो! अ‍ॅपमध्ये ९२चं शिखर आहे, पण आधीच्या पाव उंचीचंही नाही. ९५ला किंचित गुणगुण राहिलीय, ती मला ४६च्या उंचवट्याशी जोडलेली वाटते. मागच्या फ्लँजला शाफ्टची बाजू उलटी, १८० अंश फिरवून लावली तर फरक पडेल का?

मेधा_कॅमशाफ्ट:

पडू शकतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही. आत्ताची जागा रंगाने खूण करून ठेवा, फिरवा, परत मोजा. वाईट झालं तर पूर्वीसारखं लावा. चारही बोल्ट नवे, लॉक नटसकट.

जुनीजीटी७१:

उद्या करतो. ब्रॅकेटसाठी ६ मिमीची पट्टी कापून ठेवलीय, कड्यासाठीही माप घेतलं. छोटा डबा आणि दुसरा पंप झाला की टाकी पाव ठेवून वळणावर बघेन, तेव्हा रानवाट दादांना कळवतो.

ताई, संध्याकाळी बाबांना नुसती गल्लीच्या टोकापर्यंत नेणार होतो. ते म्हणाले, ८०ला नेऊन दाखव. नेलं. त्यांनी टनेलवर तळहात ठेवला आणि परत येईपर्यंत उचलला नाही.