मदत हवी आहे: जहाजावरचा जुना क्रोनोमीटर चालत नाहीये

नमस्कार मंडळी, सासरे मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी कधीतरी मुंबईच्या दारुखान्यातून (जिथे जुनी जहाजं मोडीत निघायची) जहाजावरचा एक क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रावर अचूक वेळ दाखवणारं घड्याळ, घेतलेला, तो आता आमच्याकडे आलाय. लाकडी पेटी, आत गिंबलमध्ये (फिरत्या कड्यांत) टांगलेली घड्याळाची पितळी वाटी, पेटी कशीही कलली तरी डायल आडवाच राहतो, लेक तासन्‌तास तेच करत बसते. डायलवर ० ते ५६ चा छोटा काटा आहे (चावी दिल्यापासून किती तास झाले ते दाखवणारा) म्हणजे एका चावीत दोन दिवसांवाला असणार. वाटी उलटी करून मागून चावी दिली, काटा ० वर आला, पण टिकटिक काही नाही.

इथले घड्याळजी म्हणाले, उघडून तेल सोडतो, होईल चालू. मी पेटी उचलून घरी आणली, कारण वाचलं होतं की यात स्प्रिंग डिटेंट (चाक अडवून एकेक दात सोडणारी नाजूक पट्टी) असतो, १७८० च्या दशकात अर्नॉल्ड आणि अर्नशॉ या इंग्रज घड्याळजींनी सुधारलेला, बॅलन्सला (झोके घेणाऱ्या चाकाला) दोन झोक्यांत एकदाच धक्का, बाकी वेळ तो मोकळा, आणि त्या जागी तेल लागतच नाही. जुनं तेल घट्ट होऊन वेळ बिघडते हीच तर मूळ डोकेदुखी होती ना!

तर याला हात कोणी लावावा? मुंबई-पुण्यात कोणी आहे का? आणि डायलवर लिव्हरपूलच्या एका दुकानाचं नाव आहे, तोच बनवणारा का?

प्रतिसाद १: आधी बॅलन्सखाली कॉर्कच्या पाचरी अडकवल्यात का बघा, प्रवासात तशा लावतात. नसतील तर वाटी आडवी धरून पाव फेरा झटकन फिरवा आणि परत आणा. डिटेंटवालं घड्याळ नुसत्या चावीने सुरू होत नाही, बिघाड नसेलही.

दुकानाचं नाव बहुतेक विकणाऱ्याचं. इंग्लंडमध्ये कच्ची मूव्हमेंट (घड्याळाची आतली यंत्रणा) लँकेशरातल्या प्रेस्कॉटला व्हायची, फ्युझीची (स्प्रिंगचा जोर सारखा ठेवणाऱ्या शंकूची) साखळी तिथल्याच क्राइस्टचर्च गावच्या बायका-मुली घरी बसून जोडायच्या (डोळ्यांची वाट!), फिनिशिंग बरंचसं लंडनच्या क्लर्कनवेलला. डायलखालच्या प्लेटवर जे. पी. शिक्का निघाला तर प्रेस्कॉटच्या जोसेफ प्रेस्टनकडची मूव्हमेंट. पण स्वतः उघडू नका हां, चावी भरलेली असताना डिटेंट निसटला की चाकं सुसाट सुटतात आणि दात जातात.

धागाकर्ता: पाचरी नाहीत. फिरवला, चालू झाला!! सेकंदकाटा अर्ध्या अर्ध्या सेकंदाने उडतोय. आता साफसफाईला कुठे देऊ ते सांगा कोणीतरी.