मेंढा (लेखा) पाहायला जायचंय: कधी जावं, काय पाहावं?

रानवाट: आमच्या ग्रामसभेला (यवतमाळ जिल्हा) सामूहिक वनहक्क, म्हणजे गावानं मिळून जंगल वापरायचा-राखायचा कायदेशीर हक्क, मिळाला. आता जंगलाचं नियोजन करायचं आहे, म्हणून दहा-बारा जण गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढ्याला जाऊ म्हणतो; त्या गावाला हा हक्क आधीच मिळालाय. परवानगी कोणाची? एका दिवसात काय पाहावं?

धानोरा रोड: परवानगी ग्रामसभेची. तिथं निर्णय सर्वसहमतीनं होतात, म्हणून फोनवर एकानं "या" म्हटलं म्हणजे झालं असं नाही. आधी पत्र द्या: कोण, किती जण, कोणते प्रश्न. त्यात "आदिवासी नृत्य दाखवा" लिहू नका, भाऊ. मार्च-एप्रिलमध्ये माणसं पहाटेपासून मोह वेचतात, मे महिन्यात तेंदूपत्ता. धान निघाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत जा. बांबूची कटाईही पाहता येईल.

बांबूवाला: कटाई झालेली रांजी (बांबूचं बेट) बसून पाहा. यंदाचा करला (नवा कोवळा बांबू) तोडायचा नाही. त्याच्या खोडाला सालपटं चिकटलेली असतात, तीच ओळख. गेल्या वर्षीचाही ठेवायचा. पिकलेला बांबू जमिनीपासून वीतभर वर, गाठीला लागून कापायचा. कांड्याच्या मधोमध कापला तर उरलेल्या नळीत पाणी साचून खुंट कुजतो. खरी गडबड वेगळीच: जुने बांबू रांजीच्या आत, नवे कडेला. हात सहज पोचतो म्हणून मजूर कडेचेच कापतात आणि आतली गर्दी तशीच राहते. एका बाजूनं वाट काढून आत शिरायचं, घोड्याच्या नालेसारखं. मजुरी नुसत्या नगावर ठरवली की हे हमखास बिघडतं.

हिशेबनीस: कागदं बघितल्याशिवाय परतू नका. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनउपज (गावाला गोळा करून विकता येणारा जंगलातला माल) असूनही तो बाहेर न्यायचं वाहतूक परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडला. तुम्हाला ती लढाई नाही; २०१२ च्या नियम-दुरुस्तीनं परवाना ग्रामसभेच्या समितीकडेच आला. ठराव वही, हजेरीपट, परवान्याच्या स्थळप्रती (आपल्याकडे राहणाऱ्या प्रती) यांचा मेळ कसा घालतात ते विचारा. तिन्हींतले आकडे जुळले नाहीत तर व्यापाऱ्याशी वाद झाल्यावर हातात काही राहत नाही. ग्रामसभेचं पॅन आधी काढा, नाहीतर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) चढ्या दरानं कापला जातो.

रानवाट: मुक्काम केला तर? गोटूल (गोंड तरुणांचं एकत्र जमायचं घर), देवस्थान पाहता येईल का?

धानोरा रोड: देवाच्या जागी गावातला माणूस सोबत असल्याशिवाय जाऊ नका, फोटो विचारूनच. जेवणाचे पैसे आधी ठरवा, पावती मागा. मच्छरदाण्या न्या जी, इकडे मलेरिया आहे.