मदत हवी आहे: मॉनिटरवर गुलाबी छटा आणि रंगीत चौकोन. खरंच मदरबोर्ड गेलाय का?

नमस्कार मंडळी,

घरचा डेस्कटॉप दहा वर्षांहून जुना आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ४ जीबीच्या दोन डीडीआर३ प्रकारच्या रॅम (तात्पुरत्या मेमरीच्या पट्ट्या), मॉनिटर जुन्या पद्धतीच्या व्हीजीए केबलवर. वडील नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेत आणि सध्या घरातले जुने फोटो स्कॅन करून त्यांचे रंग सुधारत बसतात. रंगाच्या बाबतीत त्यांची नजर पक्की. पंधरवड्यापूर्वी तेच म्हणाले, "आजीचं पांढरं पातळ गुलाबी का दिसतंय?" जाऊन बघितलं तर कोरं पानसुद्धा गुलाबी. चार दिवसांनी वेगळंच सुरू झालं. फोटो उघडला की मध्येच बारीक हिरवे-निळे चौकोन उमटतात.

सिडकोतल्या एका दुकानात दाखवला. पाच मिनिटं बघून "मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या" म्हणाले. मला ते पटत नाहीये. मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेनू उघडला तर त्यातली अक्षरं स्वच्छ पांढरी दिसतात, मागचं चित्र तेवढं गुलाबी. स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाहिला तर त्यात गुलाबी छटा नाही, चौकोन मात्र आहेत! बायोसच्या (संगणक चालू होताना सगळ्यात आधी येणाऱ्या सेटिंगच्या) पडद्यावरही गुलाबीच. ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने टाकून झाला, फरक शून्य. हे दोन वेगळे बिघाड असू शकतात का? वडिलांचं महिनाभराचं काम त्यात आहे, जीव टांगणीला लागलाय.

प्रतिसाद: दोन वेगळेच आहेत. स्क्रीनशॉट संगणकाच्या आत तयार होतो. त्यात जे दिसत नाही ते पुढे पोर्टमध्ये, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये बिघडतं, आणि मॉनिटरचा मेनू पांढरा आहे म्हणजे पॅनेल ठीक. व्हीजीएमध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या तारा वेगळ्या असतात, पिन १, २, ३. हिरवा तुटला की पांढऱ्याचा गुलाबी-जांभळट होतो. केबल काढून पिना बघा. नववी पिन बऱ्याच केबलींत मुळातच नसते, तिच्यामुळे घाबरू नका.

चौकोनांसाठी रॅम तपासा. तुमचं ग्राफिक्स मुख्य रॅममधलीच जागा वापरतं. प्लग काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा आणि एकेक रॅम लावून बघा, दोन्ही खाचांत. तोवर वडिलांना त्या संगणकावर काहीही सेव्ह करू देऊ नका. रॅम खराब असेल तर फाइलसुद्धा बिघडलेली सेव्ह होते.

धागाकर्ता: तुमचे आभार कसे मानू! केबल खिडकीपाशी उजेडात धरली तर वरच्या रांगेतली दुसरी पिन आडवी होऊन शेजारच्या पिनेला टेकलेली. सरळ करायला गेलो तर तुटलीच. शेजाऱ्यांची केबल लावली आणि पांढरं पांढरं झालं. वडील कितीतरी वेळ आजीचाच फोटो बघत बसले.

रॅमचंही तसंच. एक रॅम कुठल्याही खाचेत चालते, दुसरी कुठेही लावली तरी चौकोन. म्हणजे खाच ठीक, रॅम खराब. त्या दिवसांतले फोटो उघडून पाहिले. एकाच्या खालच्या भागात रेघा कायमच्या बसल्यात, पण मूळ प्रिंट कपाटात आहे, पुन्हा स्कॅन करू.

शेवटचं विचारतो. चांगली रॅम १६०० वेगाची आहे, जुन्या बाजारात ४ जीबीची १३३३ वेगाची मिळतेय. चालेल का?

प्रतिसाद: चालते सहसा, दोन्ही १३३३ वर धावतील. डेस्कटॉपचीच घ्या, लॅपटॉपची आखूड असते, बसणार नाही. लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवा. एक जरी चूक दाखवली तरी परत करा, आणि परत घेतील का ते आधीच विचारून ठेवा.