पायथॉनवरचा लेख नव्याने लिहिताना पहिल्याच वाक्यावर अडलो आहोत

प्रश्न:
एका मुक्त ज्ञानकोशातील ‘पायथॉन’ या प्रोग्रामिंग भाषेवरचा लेख आम्ही तिघांनी नव्याने लिहायला घेतला आहे. ज्याला जे सुचले ते त्याने शेवटी जोडत नेल्यामुळे त्यात इतिहासापेक्षा आवृत्त्यांची जंत्रीच मोठी झाली आहे. आम्ही मात्र पहिल्याच वाक्यावर अडलो आहोत. ‘पायथॉन ही इंटरप्रिटेड भाषा आहे’ (म्हणजे तिचा कोड आधी यंत्रभाषेत न बदलता थेट चालवला जातो) असे एकाने लिहिले, दुसऱ्याने ते काढले आणि दोन दिवसांत ते पाच वेळा आले नि गेले. हे वाक्य ठेवावे का, आणि पुढचे काम कसे वाटून घ्यावे?

उत्तर १:
काढणाऱ्याचे म्हणणे मला पटते. भाषा म्हणजे तिचे व्याकरण आणि त्याचा अर्थ. ती चालवणारा प्रोग्राम ही निराळी वस्तू आहे. बहुतेकांच्या संगणकावर असणारा सीपायथॉन हा असा प्रोग्राम आपण लिहिलेला कोड आधी बाइटकोडमध्ये, म्हणजे मधल्या टप्प्याच्या सूचनांमध्ये, रूपांतरित करतो आणि मग तो बाइटकोड आभासी यंत्रावर (यंत्राचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालवतो, तर पायपाय हा दुसरा प्रोग्राम वारंवार चालणाऱ्या भागाचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. ‘गिडो व्हान रॉसम यांनी रचलेली आणि १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली सर्वसाधारण वापराची उच्चस्तरीय प्रोग्रामिंग भाषा’ एवढेच सुरुवातीला पुरे आहे. बाकीचे ‘अंमलबजावणी’ या स्वतंत्र विभागात लिहावे.

उत्तर २:
जंत्री जरूर छाटा, पण दुसऱ्या आवृत्तीकडून तिसरीकडे झालेले स्थित्यंतर सविस्तर लिहा. ३.० ही आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि दुसऱ्या मालिकेची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. मधली अकरा वर्षे दोन्ही शेजारी शेजारी नांदल्या. म्हणून आवृत्ती न सांगता दिलेल्या उदाहरणांवर विश्वास ठेवू नका. ‘७ / २’ चे उत्तर दुसऱ्या मालिकेत ३ येते, तिसरीत ३.५. उदाहरणे चालवून पाहा, मात्र ‘मी चालवून पाहिले’ हा संदर्भ होत नाही. तिथे अधिकृत दस्तऐवजच दाखवावा लागतो.

उत्तर ३:
वाटणीबद्दल सांगतो. मूळ लेखाला हात न लावता धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लेखनाच्या पानावर, मसुदा करा, एका वेळी एका विभागात एकानेच लिहावे आणि इतरांनी शंका चर्चा पानावर मांडाव्यात. मसुदा मूळ लेखात नेताना तो कोणत्या पानावरून आला हे संपादन सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या टिपेत) नोंदवायला विसरू नका, कारण तिघांचे लेखन एकाच्या नावावर जमा होणे मुक्त परवान्याच्या अटींत बसत नाही, आणि ते न्याय्यही नाही. एकदा कुणी उलटवलेले, म्हणजे काढून टाकलेले, वाक्य पुन्हा घालण्याआधी चर्चा करा.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. पहिले वाक्य सुचवल्याप्रमाणे बदलून मसुदा धूळपाटीवर हलवला आहे. लेखातील उदाहरणे तिसऱ्या मालिकेत चालवून पाहिली, तेव्हा ‘प्रिंट’ या आज्ञेनंतर कंस नसलेली, म्हणजे दुसऱ्या मालिकेच्या पद्धतीची, दोन उदाहरणे लगेच अडकली. ती आता स्थित्यंतराच्या विभागात, आवृत्तीच्या उल्लेखासह ठेवत आहोत.